हिंगोलीचे दोन सेंटर हाफ

बंडोपंतांना हिंगोलीत नावानं हाक मारणारे थोडे होते. सगळ्यांच्या तोंडी ते 'शिट्टीवाले मास्तर' होते. सरकारी शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी ड्रिल घ्यायचे. अंगानं किरकोळ, डोक्याला काळी टोपी, आवाज इतका बारीक की मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. फुटबॉल त्यांनी जन्मात कधी धड खेळला नव्हता. पण १९३४ साली परभणीहून बदली होऊन आले, तेव्हा छावणीच्या मैदानावर बिनरेफरीचे सामने चालायचे आणि दर सामन्याला एखादं डोकं फुटायचं. एका सामन्यात मारामारी पेटली, तेव्हा मास्तरांनी खिशातली ड्रिलची शिट्टी काढून जोरात फुंकली. दोन्ही बाजूंची माणसं दचकून थांबली. त्या दिवसापासून मैदानावर मास्तरांचा शब्द शेवटचा झाला.

हे मैदान निजामाच्या जुन्या, इंग्रज साहेबांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेचं. फौज कधीच उठून गेली होती, बराकींची छपरं बसली होती, पण परेडची सपाट जमीन राहिली आणि साहेबांनी लावलेलं फुटबॉलचं वेडही राहिलं. गावात दोन टीमा होत्या. एक छावणीची, एक बाजाराची. त्या काळी पाच गडी पुढं, दोन मागं, एक गोलात आणि मधे तीन हाफ असत. त्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. हल्ला अडवायचा त्यानंच आणि चढाई सुरू करायची तीही त्यानंच. हिंगोलीचं नशीब असं की एकाच वेळी दोन सेंटर हाफ असे निघाले, की परभणी-नांदेडची माणसं गाडीत बसून बघायला येत.

छावणीचा होता धनसिंग. त्याचा आजा फौजेत सवार होता. धनसिंग जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या बांधायचा. सहा फूट उंच, खांदे दाराच्या चौकटीला लागतील असे. तो चेंडूवर आला की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. अर्ध्या मैदानातून त्यानं उजवीकडं फटका मारला की चेंडू बरोबर पुढच्या गड्याच्या छातीवर पडायचा.

बाजाराचा होता गफूर पिंजारी. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजायचा, त्यामुळे भुवयांवर सदा पांढरी रुई. काटकुळा, थोडा वाकलेला. तो पळताना कुणी पाहिला नाही. चेंडू जिथं येणार तिथं तो आधीच उभा असायचा. तिथून तो चेंडू अशा जागी सरकवायचा जिथं कुणीच नसे, आणि लोक 'अरे अरे' म्हणेपर्यंत त्याचा गडी तिथं येऊन पोचलेला असे.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात रोज हाच वाद. जवळच्या गोरेगावहून बाजाराला आलेला ग्यानबा नावाचा एक शेतकरी तर बैल सोडायच्या आधी हॉटेलात शिरायचा.

"धनसिंग नसता तर छावणीवर दहा गोल झाले असते," तो म्हणायचा. "अडवतो तो मोठा."

"अडवून काय होतंय? डाव मांडतो तो मोठा," दुसरा कुणी म्हणायचा. "गफूर काढून घ्या, बाजाराच्या दहा जणांला गोल कुणीकडं हाय ते सापडायचं न्हाई."

मग सगळे मास्तरांकडं वळायचे. मास्तर बशीतला चहा संपवायचे आणि म्हणायचे, "रेफरीनं असं बोलायचं नसतं."

पण मास्तरांचं मत होतं. १९३८ मध्ये जालन्याची टीम आली, तेव्हा दोघं पहिल्यांदा आणि शेवटचं एका बाजूनं खेळले. कोण कुठं खेळणार हे मास्तरांनी ठरवायचं होतं. त्यांनी मधे गफूरला ठेवलं आणि धनसिंगला उजव्या हाफला. कारण विचारलं तर काहीतरी उंचीचं सांगून वेळ मारून नेली. धनसिंग उजवीकडं जाऊन उभा राहिला. हिंगोलीनं तीन गोलांनी सामना जिंकला. घरी गेल्यावर मास्तर बायकोला, गंगूताईला एवढंच म्हणाले, "धनसिंग समोरचा खेळ मोडतो. जिथं खेळ नाही तिथं गफूर तो उभा करतो. पण हे बाहेर बोलू नकोस."

१९४१ च्या दसऱ्याच्या सामन्यात गफूरचा पाय मोडला. मैदानाच्या मधोमध दोघं एका चेंडूवर आले. वारा सुटला होता, धुळीचा लोट उठला, आणि त्या लोटातून वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. मास्तर पलीकडच्या कडेला होते. त्यांना नीट दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा गफूर खाली पडलेला आणि धनसिंग त्याच्यावर उभा. मास्तरांनी शिट्टी मारली आणि धनसिंगला मैदानाबाहेर काढलं.

"मी चेंडूला मारलं, मास्तर," धनसिंग म्हणाला.

"बाहेर हो."

तो गेला. गफूर दोन वर्षं खेळला नाही. त्या दोन वर्षांत धनसिंग एकदाही त्याच्या घराची पायरी चढला नाही. मास्तरांनी हे मनात ठेवलं.

पुढं गफूर परत आला, थोडा लंगडत, पण पहिल्यासारखाच. सामने होत राहिले. मात्र १९४७ चा पावसाळा संपला तेव्हा मैदानाचं रूप बदललं. इंग्रज गेले होते, पण निजामाचं राज्य कुणीकडं जाणार ते ठरत नव्हतं. खाकी कपड्यातले रझाकार त्याच मैदानावर सकाळी कवायत करू लागले. एका सकाळी मास्तर गेले तर दोन्ही बाजूंचे गोलाचे बांबू जागेवर नव्हते. आठ दिवसांनी ते बाजारात दिसले. चिरून, तासून, टोकाला लोखंडी पाती बसवलेले. मास्तरांनी ते ओळखले, कारण त्यांना दिलेला चुना अजून निघाला नव्हता.

खेड्यांतून माणसं निजामाच्या सरहद्दीपलीकडं, वाशीम-उमरखेडकडं जायला लागली. तिकडं निजामाशी लढणाऱ्या तरुणांच्या छावण्या होत्या, बंदुका होत्या असं म्हणत. हॉटेलात आता कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फुटबॉलचा विषय निघाला तरी माणसं आधी दाराकडं बघायची. धनसिंग मोठा म्हटलं तर एक अर्थ निघे, गफूर मोठा म्हटलं तर दुसरा.

१९४८ च्या फेब्रुवारीत गावचा सालार, म्हणजे रझाकारांचा पुढारी, भर वर्गात आला. मुलं उभी राहिली. त्यानं त्यांना हातानं बसवलं आणि खडूच्या डब्याशेजारी एक चांदीचा कप ठेवला.

"मास्टर, मॅच रखे हैं," तो हसून म्हणाला. "छावणी और बाजार. पुढच्या जुम्म्याला. सगळ्यांत मोठा खेळाडू कोण ते तुम्ही सांगायचं. इन्साफ तो आपहीच करते ना?"

"मी कधी नाव घेत नाही, साहेब."

"अब लेना," सालार म्हणाला. "मी नाव घेतलं तर लोक म्हणतील आपल्यातला म्हणून घेतलं. तुम्ही घेतलं तर कुणी काही म्हणणार नाही."

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी गफूर मास्तरांच्या घरी आला. गंगूताईनं दिलेलं पाणी त्यानं उंचावरून प्यायलं आणि उंबऱ्याबाहेरच बसून राहिला.

"मास्तर, उद्या माझं नाव घेऊ नका."

"का?"

"त्या कपासंगं वर्दी देऊन राहिले ते. गावातला मोठा खेळाडू आपल्यात आला असं दाखवायचं हाय त्यांना. मला नको वर्दी. मी गाद्या भरतो, मला तेवढंच येतं."

"मग मी धनसिंगचं नाव घेऊ?"

गफूरनं भुवईवरची रुई पुसली. मग म्हणाला, "त्याचं घेतलं तर तुमाला ते सोडायचे न्हाईत. त्यालाबी. कुणाचंच घेऊ नका. चक्कर येऊन पडा मैदानात. कायबी करा."

मास्तरांनी मान हलवली. खरंच चक्कर आल्याचं सोंग करायचं त्यांनी ठरवलंही होतं.

शुक्रवारी मैदानाभोवती हजार-बाराशे माणूस होता, पण सामना झाला तो मुकाट्यानं. कुणी ओरडलं नाही. चेंडूचा आवाज ऐकू येत होता. सामना बरोबरीत सुटला. सालारनं मास्तरांना खुर्च्यांसमोर उभं केलं. डावीकडं गफूर, उजवीकडं धनसिंग, दोघं घामानं थबथबलेले. मागं चुना लागलेल्या भाल्यांची रांग.

"बोलो मास्टर."

मास्तर पडले नाहीत. सोंग करायचं तर अंगात थोडी तरी हिंमत लागते, तेवढीही त्यांच्याजवळ उरली नव्हती. तोंडातून निघालं ते दहा वर्षं मनात बसलेलं उत्तर.

"गफूर," ते म्हणाले. "हिंगोलीत गफूरसारखा हाफ झाला नाही."

ते खरं होतं. पण त्या जागी, त्या भाल्यांपुढं, मास्तरांना स्वतःलाच ते खरं वाटेना. धनसिंगनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग तो वळला आणि माणसांतून वाट काढत निघून गेला. सालारनं गफूरच्या हातात कप दिला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला तसाच धरून मैदानभर फिरवला. सगळ्या गावानं ते पाहिलं. गफूरची मान खाली होती, ते मात्र पुढं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तीन दिवसांनी धनसिंग जिनिंगमधून नाहीसा झाला. सरहद्दीपलीकडं गेला असं लोक म्हणाले.

गफूरनं वर्दी घातली नाही. आज ताप, उद्या पाय दुखतो, असं करत त्यानं उन्हाळा काढला. बायकोला, हलीमाला, लेकरांसह वसमतला माहेरी पोचवून आला. पण बाजारात त्याच्याकडून गादी भरून घेणारे कमी झाले. मास्तरांच्या वर्गातली पंधरा मुलं येईनाशी झाली. हॉटेलात मास्तर शिरले की बाक रिकामं व्हायचं. एकदा गोरेगावचा ग्यानबा समोर आला. इतक्या वर्षांची ओळख, पण थांबला नाही. जाता जाता म्हणाला, "मास्तर, भ्यालेला माणूस बराबर असला तरी चूकच असतो."

सप्टेंबरात भारताच्या फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत निजामानं हत्यार टाकलं. सालार आदल्या रात्रीच पळाला होता. गावात आनंद झाला, गुलाल उधळला. पण दुसऱ्याच दिवसापासून मास्तरांना आनंदाच्या आत दुसरा आवाज ऐकू यायला लागला. आसपासच्या खेड्यांतून धूर दिसायचा. रझाकारांनी वर्षभर जे केलं होतं त्याचा हिशेब, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याकडूनही मागितला जात होता. माणसांच्या टोळ्या दारोदार नावं विचारत फिरत होत्या. त्या नावांत कपवाल्या पिंजाऱ्याचं नाव होतं.

एकोणीस तारखेला भल्या पहाटे गफूर मास्तरांच्या परसात येऊन बसलेला दिसला. मास्तरांनी त्याला शाळेत नेलं. शाळा बंद होती आणि किल्ली त्यांच्याकडं होती. ड्रिलचं सामान ठेवायच्या खोलीत त्याला बसवून त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. गंगूताई दोन वेळा रिकाम्या घागरीत भाकरी लपवून न्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शाळेच्या ओट्यावर बसले होते, आणि फाटकातून धनसिंग आला. दाढी वाढलेली, खांद्याला बंदूक. त्याच्याबरोबर दोन अनोळखी माणसं होती. ती फाटकाशी थांबली आणि शाळेच्या खिडक्यांकडं बघत राहिली.

"राम राम, मास्तर."

"राम राम."

"गफूर कुठं हाय?"

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. चौदा वर्षं त्यांनी हा माणूस मैदानावर पाहिला होता. तो केव्हा आडवा येईल, केव्हा मागं सरेल, हे ते डोळे झाकून सांगू शकले असते. आता समोर नुसतं दाढी वाढलेलं तोंड होतं आणि त्यातून काही वाचता येत नव्हतं. त्यांना आठवली ती धूळ, तो मोडण्याचा आवाज, ती दोन वर्षं न चढलेली पायरी, आणि कपाच्या दिवशी पाठ फिरवून गेलेला माणूस.

"काय काम आहे?" त्यांनी विचारलं.

धनसिंगनं फाटकाकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ते मी पाहतो. तुमी फक्त जागा सांगा. येळ न्हाई."

"पूर्णेच्या गाडीनं गेला. पंधरा दिवस झाले."

"खरं?"

"खरं."

धनसिंगनं शाळेच्या बंद दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं," आणि फाटकाकडं निघाला. त्या माणसांना तो काहीतरी म्हणाला आणि तिघं जिनिंगच्या बाजूला गेले.

संध्याकाळी मास्तरांनी कुलूप उघडून गफूरला हे सांगितलं. आपण त्याला वाचवलं अशा समजुतीत सांगितलं. ड्रिलच्या लाकडी डंबेल्सच्या ढिगावर टेकलेला गफूर ताडकन सरळ बसला.

"धनसिंग आला होता? माझ्यासाठी?"

"बंदूक घेऊन आला होता."

"मग सांगायचं होतं, मास्तर. काहून न्हाई सांगितलं?"

"त्यानं तुझा पाय मोडला होता, गफूर."

गफूरनं आपल्या पायाच्या नळीवरून हात फिरवला. "त्यानं न्हाई मोडला. चेंडू त्याच्या पायाखाली होता. माझा पाय उशिरा आला. तुमी पल्याड होता, धूळ होती."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुमी शिट्टी मारली होती," गफूर म्हणाला. "रेफरीची शिट्टी काहून मोडायची?"

"पण तो तुला बघायला एकदाही आला नाही."

"रोज यायचा. पिंजायच्या खोलीच्या मागून. तुमी बाहेर काढलं त्याची लाज वाटायची त्याला, लोकांच्या तोंडासमोर यायला नको म्हणायचा. दोन महिने मला पाठीवर घेऊन न्हाणीत न्यायचा."

मास्तर खाली बसले. बाहेर अंधारून येत होतं. ते म्हणाले की ते आत्ता जाऊन धनसिंगला शोधून आणतात. गेलेही. जिनिंग बंद होतं. छावणीतल्या त्याच्या घरी फक्त त्याचा म्हातारा चुलता किसनसिंग होता. तो म्हणाला, "'गफूर हितंच कुठंतरी हाय,' म्हणलं आणि त्या दोघांना चुकवून पोरगं गाडी शोधायला औंढ्याच्या रस्त्यानं गेलं. सकाळी येतो म्हणलं."

मास्तरांनी परत येऊन निरोप सांगितला. सकाळपर्यंत हलायचं नाही, असं गफूरकडून कबूल करून घेतलं आणि घरी गेले. कुलूप त्यांनी लावलं नाही. आता ते लावणं त्यांना बरं वाटेना.

उजाडताना ते शाळेत आले तर खोली रिकामी होती. गफूर धनसिंगला गाठायला औंढ्याच्या रस्त्यानं निघाला होता. रस्त्यावर जाणं धोक्याचं म्हणून कयाधूच्या काठाकाठानं गेला. वरच्या खेड्यातून आलेल्या एका टोळीतली माणसं नदीवर तोंड धूत होती. त्याच्या लंगड्या चालीवरून कुणीतरी ओळखलं. "हा तो कपवाला," असं एकजण म्हणाला, असं पुढं सांगण्यात आलं. त्याच्यापाशी काठीसुद्धा नव्हती.

धनसिंग बैलगाडी घेऊन त्याच काठानं परतत होता. गाडीत त्यानं कडबा भरला होता, आत एक माणूस झोपू शकेल एवढी जागा ठेवून. जवळा बाजार या गावी फौजेचा तळ पडला होता. तिथवर पोचवलं की पुढं कुणी हात लावणार नाही, हे त्यानं बघून ठेवलं होतं. त्याला गफूर पाण्याच्या कडेला सापडला. अजून ऊन पडलं नव्हतं.

त्यानं एकट्यानं खड्डा केला. मास्तर गफूरला शोधत काठानं पोचले तेव्हा तो वर दगड रचत होता. मास्तरही एक दगड उचलायला वाकले. धनसिंगनं त्यांना अडवलं नाही. काम झाल्यावर दोघं नदीत हात धुवायला बसले.

"ते दोघं माझ्यासंगं होते म्हणून मला उघड बोलता येईना," धनसिंग म्हणाला. "त्यांच्याशिवाय मला गावात शिरू देत नव्हते. मी म्हणलं, मास्तर मला वळखतील."

मास्तर नखांतली माती काढत राहिले.

"तुमी त्या दिवशी मैदानात त्याचं नाव घेतलं," धनसिंग पुढं म्हणाला. "मला राग नव्हता आला. मलाबी तसंच वाटायचं. जालन्याच्या मॅचपासून. मी निघून गेलो, कारण त्याच्या हातात तो कप मला बघवंना."

दिवाळीनंतर गाड्या सुरळीत झाल्या तेव्हा मास्तर वसमतला गेले. हलीमाला कळलं होतं, पण कसं ते माहीत नव्हतं. मास्तरांनी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. नाव घेतलं ते, आणि धनसिंगला खोटं सांगितलं तेही. काही गाळलं नाही. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तिनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. मग विचारलं, "जागा दावता का मला?"

धनसिंगनं गाडी जुंपली. हिंगोली स्टेशनापासून नदीपर्यंत तिघं गेले. हलीमा मागं बसली होती, मास्तर मधे. वाटेत छावणीचं मैदान लागलं. तिथं तण माजलं होतं आणि कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. नदीवर दगडांच्या ढिगापाशी ती खाली बसली तशी धनसिंग आणि मास्तर लांब जाऊन उभे राहिले.

त्या वर्षाअखेरीला मास्तरांनी अर्ज करून साखऱ्याच्या शाळेत बदली मागून घेतली. गंगूताईनं विचारलं, तिथं काय आहे. ते म्हणाले, "काही नाही. सपाट जमीनसुद्धा नाही." सामान बांधताना शिट्टी सापडली, तेव्हा ती त्यांनी धनसिंगकडं पाठवून दिली. 'शिट्टी मास्तरांचीच हाय,' असं सांगून धनसिंगनं ती निरोप्याच्या हातीच परत पाठवली.